कवळीवाल्याने खेळ थांबवला

आमच्या रविवारच्या फुटबॉल लीगला एके काळी अकरा रेफ्री होते. मी सांगतोय त्या वर्षी तीन उरले होते, आणि त्यातल्या एकाचा गुडघा कामातून गेला होता. तो एक म्हणजे मी. गुडघा गेला म्हणून मला सेक्रेटरी केलं. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथलाच एक खण आणि भिंतीवरचा एक तक्ता म्हणजे लीगचं ऑफिस. दर गुरुवारी त्या तक्त्यासमोर उभा राहून मी चार सामन्यांना दोन रेफ्री पुरवायचं गणित सोडवायचो, आणि दर गुरुवारी ते चुकायचं.

बाकीचे आठ ओरडण्याला कंटाळून गेले. आमच्याकडे खेळणारे हौशी आहेत, पण बघणारे पट्टीचे. आठवडाभर साहेबासमोर, गिऱ्हाइकासमोर, बायकोसमोर जे गिळलेलं असतं ते सगळं रविवारी सकाळी रेफ्रीच्या अंगावर निघतं. एक प्लंबर होता, चांगला रेफ्री. त्याची आई एकदा कौतुकाने सामना बघायला आली. तिच्याबद्दल लोक काय बोलतात ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्याने मध्यंतरालाच शिट्टी माझ्या हातात ठेवली आणि आईला स्कूटरवर बसवून निघून गेला. मी त्याला काय म्हणणार होतो?

उरलेल्यांत भरवशाचा एकच, कवळीवाला. तो कवळ्या बनवतो म्हणून हे नाव. दातांच्या डॉक्टरकडून तोंडाचं माप येतं, त्यावरून हा प्लास्टरचा साचा काढतो, गुलाबी मेणात एकेक दात बसवतो, मग पक्की कवळी करून मशीनवर घासूनपुसून चकचकीत करतो. दवाखान्याच्या मागे त्याची खोली आहे. टेबलावर जबडे ओळीने मांडलेले, आणि प्रत्येकाखाली फक्त नंबर. नावं वहीत, वही कपाटात, किल्ली खिशात. तीस वर्षांत अर्ध्या गावाचं हसू त्याच्या हातून गेलं असेल, पण कोणाचं ते त्याने कधी तोंडातून काढलं नाही. शेजारीण खोटे दात घालते हे त्याच्या बायकोला ठाऊक नव्हतं, आणि शेजारीण तिची सख्खी मावसबहीण होती.

मैदानावरही तो तसाच, गप्प. लोक ओरडायचे, "ए कवळीवाले, शिट्टी नीट धर, दातातून निसटेल!" हा मान वळवायचा नाही.

मी एकदा विचारलं, "अरे, तुला राग येत नाही?"

"येतो ना. पण दिवसभर कानाशी घासायचं मशीन चालू असतं माझ्या. त्याच्यापेक्षा ही माणसं बरी. मध्ये मध्ये श्वास तरी घेतात."

सगळं असंच चाललं असतं. पण त्याच्या मुलीने लग्न ठरवलं.

मुलगा तिने स्वतःच पसंत केला होता आणि तो खरंच चांगला होता. सासूबाई शांत. सासरे म्हणजे बसस्थानकावरचे निवृत्त निवेदक. चौतीस वर्षं त्यांनी चौकशीच्या खिडकीमागे बसून कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते माईकवरून सांगितलं. शब्द न् शब्द सुटा, आवाज खणखणीत. माईक बंद पडला तरी फारसं अडायचं नाही म्हणे. आणि त्यांचा धाकटा मुलगा, सत्तावीस वर्षांचा, छापखान्यात मशीनवर होता आणि छापखान्याच्या संघात बचावाला खेळायचा.

घरी व्याही म्हणजे लोण्याचा गोळा. कवळीवाला गेला की स्वतः उठून खुर्ची पुढे करणार, फळं सोलून फोडी त्याच्या हातात देणार. लग्नाआधी एकदा ते गुपचूप कवळीवाल्याच्या खोलीवर आले होते. वरचे दात सगळे गेलेले, जुनी कवळी बोलताना हलायची. "व्याही, लग्नात चार माणसांत बोलायचंय. पण हे आपल्या दोघांत. मुलांना माहीत नाही, आणि कळायलाही नको." कवळीवाल्याने तीन वेळा मेणात बसवून बघितली, चौथ्यांदा पक्की केली. लग्नात व्याह्यांनी असं भाषण केलं की मागच्या रांगेतल्या बहिऱ्या आत्यालाही ऐकू गेलं.

पंधरा दिवसांनी छापखान्याचा सामना होता आणि रेफ्री कवळीवाला.

विसाव्या मिनिटाला त्याने छापखान्याचा एक गोल ऑफसाइड दिला. आणि कठड्याकडून व्याह्यांचा तो आवाज आला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! रेफ्रीसाहेबांची नजर आज एक तास उशिराने धावत आहे!"

अख्खं मैदान हसलं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पण हसू मिळालं की माणूस थांबत नाही. पुढचा तासभर घोषणा चालू होत्या, आणि आजूबाजूच्यांनाही चेव आला. त्यांना काही व्याह्यांसारखं सुटसुटीत बोलता येत नव्हतं, ते सरळ शिव्यांवर उतरले.

त्याच दुपारी व्याह्यांकडे जेवण होतं, आधीच ठरलेलं. कवळीवाला गेला. व्याह्यांनी त्याच्या ताटात स्वतः वाढलं. "घ्या हो, आज धावून दमलात."

"दमलो खरा."

"ऑफसाइड मात्र नव्हता हं तो."

कवळीवाला भात कालवत राहिला. व्याह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मनावर घेऊ नका. मैदानावरचं मैदानावर. घरात आपण व्याही."

सोमवारी तो माझ्या दुकानात आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "मैदानावरचं मैदानावर म्हणे! म्हणजे त्यांनी तिथे मला वाटेल ते बोलायचं, आणि इथे मी हसून जेवायचं. आणि मी उलटून बोललो तर? ते कुठलं धरायचं, मैदानावरचं की घरातलं?"

घरी बायको म्हणाली, "अहो, इतकी वर्षं कानाडोळा केलात, अजून करा." मुलीचा फोन आला. "बाबा, तुम्ही त्यांना काही म्हणू नका हं. तुम्ही शिट्टी वाजवून आपल्या घरी जाता. मला त्यांच्याच घरी यायचं असतं."

तो मला म्हणाला, "छापखान्याचे सामने मला देऊ नकोस." मी तक्त्याकडे बोट दाखवलं. "कोणाला देऊ? या स्टेपलरला देऊ?" तरी दोनदा मी जमवलं. तिसऱ्यांदा दुसऱ्या रेफ्रीच्या ऑफिसात तपासणी निघाली, आणि मी कवळीवाल्याचे हातपाय जोडले.

तो सामना मला विसरता येत नाही. व्याही सुरुवातीपासून रंगात होते. कवळीवाला आपला पळत होता, शिट्टी वाजवत होता, नेहमीसारखा बहिरा. तासाभराने त्याने धाकट्याला पिवळं कार्ड दाखवलं, आणि कठड्यावरून आवाज आला. "मुलीचं स्थळ बघताना डोळे चांगले उघडे होते की, व्याही! आता काय झालं?"

दीडशे माणसांसमोर मुलीचा विषय निघाला. कवळीवाला थांबला, वळला, आणि मी तीस वर्षांत ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाला, "ज्या दातांनी बोलताय ना, ते माझ्या टेबलावर बनलेत! पुन्हा बोललात तर परत मागून घेईन!"

लोकांना कळायला दोन क्षण लागले. मग असा हशा उठला की पलीकडच्या मैदानावरचा खेळ थांबला. व्याह्यांचा हात आपोआप तोंडावर गेला. धाकटा मैदानाच्या मध्यभागी उभा राहून वडिलांकडे बघत होता. कोणीतरी सुरू केलं, "कवळी परत द्या! कवळी परत द्या!" आणि टाळ्यांच्या तालावर ते वाढत गेलं. व्याह्यांनी मफलर तोंडाभोवती गुंडाळला आणि ते फाटकाकडे चालू लागले. त्यांच्यासाठी कोणी बाजूला झालं नाही.

पुढची पंचवीस मिनिटं नुसता बाजार. रेफ्री उलट बोलतो हे एकदा कळलं म्हटल्यावर सगळेच बोलायला लागले. "साहेब, फाऊल केला तर आमचेही दात काढणार का?" चार कार्डं दाखवावी लागली. सामना संपल्यावर मी जवळ जाऊन म्हटलं, "बरं केलंस. कोणीतरी करायलाच हवं होतं."

तो बुटाची नाडी सोडत होता. वर न बघता म्हणाला, "तीस वर्षं वही कपाटात ठेवली. आज मीच ओरडून वाचली."

मंगळवारी तो लेखी तक्रार घेऊन आला. स्वतःविरुद्ध. आमच्या लीगचा नियम आहे की खेळाडू किंवा रेफ्री प्रेक्षकाशी हुज्जत घालेल तर दोन सामने बाहेर. हा नियम पूर्वी कवळीवाल्यानेच हट्टाने लिहायला लावला होता.

मी तो कागद उलटा करून त्याच्याकडे सरकवला. "मला काही मिळालेलं नाही."

"शिक्का मार."

"अरे, तू दोन आठवडे बसलास तर मी काय करू? माझा गुडघा बघितलास का तू?"

"ते तुझं काम. माझं मी आणून दिलं."

इतका संताप झाला माझा की शिक्का मारताना शाई कागदाच्या पलीकडे टेबलावर उमटली. अजून आहे तो डाग. दोन रविवार मी पट्टा बांधून लंगडत मैदानावर फिरलो. व्याही आले नव्हते, पण त्यांची उणीव कोणी भासू दिली नाही. "रेफ्रीला स्ट्रेचर द्या!" हे त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य होतं.

तक्रार दिली त्याच आठवड्यात कवळीवाला व्याह्यांकडे गेला. तिथे काय झालं ते त्याने मला सांगितलं, आणि पुढे त्याच्या मुलीनेही तसंच सांगितलं.

व्याही खिडकीशी बसले होते. खुर्ची पुढे केली नाही. ओठ फारसे न उघडता म्हणाले, "धाकटा चार दिवस माझ्याकडे बघत नाही. बघितलं तर तोंडाकडे बघतो."

"त्याचीच माफी मागायला आलोय. तुम्ही विश्वासाने आला होतात. मी तो मोडला. चूक पूर्ण माझी."

व्याह्यांनी खिडकी लोटून घेतली. मग एक उसासा टाकला. "जाऊ द्या. मीही बोललो, तुम्हीही बोललात. फिटंफाट."

इथे उठून घरी यायचं ना? कोणीही शहाणा माणूस उठला असता. पण कवळीवाला म्हणाला, "फिटंफाट नाही. दात हे माझं काम, तिथे मी चुकलो म्हणून माफी मागितली. शिट्टी वेगळी. पुढच्या वेळी तुम्ही ओरडलात तर मी उत्तर देणार नाही. खेळ थांबवीन, तुमच्या कप्तानाला सांगेन, आणि तुम्ही फाटकाबाहेर जाईपर्यंत सुरू करणार नाही."

"व्याह्याला बाहेर काढाल?"

"प्रेक्षकाला."

मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने तो तिथल्याच कपाटावर आपटला आणि ती आत निघून गेली. चहा कोणी प्यायला नाही.

हंगामाचा शेवटचा सामना, छापखाना विरुद्ध पाणीपुरवठा. छापखान्याला वरच्या गटात टिकायला बरोबरी पुरत होती. रेफ्री कवळीवाला. मी दुसरं कोणी शोधलं नाही असं समजू नका. लाइनवर झेंडा घेऊन एक नर्स होती. तीन महिन्यांपासून ती रेफ्रीचं काम शिकत होती, आणि रात्रपाळी करून थेट मैदानावर यायची.

व्याही मध्यंतरापर्यंत शांत बसले. मध्यंतरानंतरही दहा मिनिटं. मग पाणीपुरवठ्याचा एक जण पेनल्टीच्या चौकटीत पडला, नर्सने झेंडा वर केला, आणि कवळीवाल्याने धाकट्याविरुद्ध पेनल्टी दिली.

"ओ बाई!" तो खणखणीत आवाज. "झेंडा घरी नेऊन दोरीवर वाळत घाला! बघण्याचं काम ज्यांना दिसतं त्यांना करू द्या!"

नर्सचा चेहरा लाल झाला, पण झेंडा खाली आला नाही. कवळीवाल्याने लांब शिट्टी वाजवली. चालत जाऊन चेंडू उचलला, काखेत धरला आणि छापखान्याच्या कप्तानाला बोलावलं. "तुमच्या बाजूचे ते गृहस्थ फाटकाबाहेर गेले की खेळ सुरू होईल."

"साहेब, ते तुमचे..."

"तुमच्या बाजूचे."

कप्तान कठड्याशी गेला. व्याही उभे राहिले. "मैदान सार्वजनिक आहे. मी कुठेही जाणार नाही." मग कवळीवाल्याला उद्देशून, "काय हो, बोला ना! त्या दिवशी फार बोलत होतात!"

कवळीवाला उभा. ना व्याह्यांकडे बघतो, ना लोकांकडे. एक मिनिट, दोन मिनिटं. लोक ओरडले, शिट्ट्या झाल्या, कोणीतरी "कवळी" सुरू केलं पण ते चाललं नाही. पाच मिनिटांनी खेळाडूंची अंगं गार पडायला लागली, ते जागच्या जागी उड्या मारू लागले. पुढच्या सामन्याचे संघ कपडे बदलून उभे होते आणि सगळे मला येऊन विचारत होते, जसा काही मीच चेंडू धरून ठेवला होता. सातव्या मिनिटाला मी आत गेलो. "अरे, पुरे आता. सगळ्यांना कळलं."

"सेक्रेटरीने खेळ चालू असताना आत यायचं नसतं," तो म्हणाला.

"चालू कुठाय!"

"म्हणूनच तुला काही केलं नाही. बाहेर जा."

मी बाहेर आलो. हळूहळू ओरडण्याची दिशा बदलली. आधी पाणीपुरवठ्याचे, मग छापखान्याचेच लोक व्याह्यांना म्हणायला लागले, "काका, जा ना आता. अहो, मुलांना खेळू द्या." व्याही हटले नाहीत. शेवटी धाकटा कठड्यावरून पलीकडे गेला. त्याने वडिलांची पिशवी उचलली आणि म्हणाला, "बाबा, चला. मला खेळायचंय." आवाज चढवला नव्हता. व्याही त्याच्याकडे बघत राहिले. मग त्याच्या पुढे चालू लागले. फाटकाशी धाकट्याने पिशवी त्यांच्या हातात दिली आणि तो पळत परत आला.

अकरा मिनिटं गेली होती. कवळीवाल्याने चेंडू खाली ठेवला. पेनल्टीवर गोल झाला, पुढे कोणालाच काही जमलं नाही, आणि छापखाना खालच्या गटात गेला. पेनल्टी बरोबर होती का? माझ्यासमोर गोलकीपर आला होता, मला दिसलं नाही. कवळीवाला म्हणतो होती. धाकटा अजून म्हणतो नव्हती. नर्सला विचारलं तर ती म्हणते, "मी झेंडा वर केला होता ना?"

लीगच्या समितीने व्याह्यांना पाच सामने मैदानाबाहेर ठेवलं. त्या कागदावर सही माझी, त्यामुळे आता तेही माझ्याकडे झेरॉक्सला येत नाहीत. मुलीने बापाला सव्वा महिना फोन केला नाही. बायको त्याला म्हणायची, "काय मिळवलंत? शिट्टी मोठी की लेक मोठी?" तो खोलीवर जास्त वेळ बसायला लागला. एकदा मी गेलो तर एकच दात मेणात लावत होता, काढत होता, पुन्हा लावत होता.

मग एका दुपारी मुलगी न सांगता आली. आधी पोटभर जेवली, मग पोटभर भांडली. "तुम्ही दोघंही सारखेच. त्यांना गप्प बसता येत नाही, आणि तुम्हाला सोडून देता येत नाही. मध्ये मी! माझा विचार कोणी केला का?"

"केला," कवळीवाला म्हणाला. "त्या अकरा मिनिटांत तोच करत होतो."

तिने पर्स उचलली. जाताना आईला म्हणाली, रविवारी आता घरात शांत असतं, धाकटा भाऊजी सामन्याला एकटाच जातो आणि परत येऊन वडिलांना सगळा खेळ सांगतो. व्याही ऐकून घेतात. कवळीवाल्याशी ते बोलतात, पण मोजून. व्याही म्हणायचं सोडलंय. "या साहेब, बसा साहेब." त्याला ते लागतं. तो म्हणतो लागत नाही.

नव्या हंगामाच्या बैठकीत ठराव झाला की प्रत्येक संघाने आपल्या प्रेक्षकांची जबाबदारी घेणारा एक माणूस नाव देऊन नेमायचा. ते नाव लिहून द्यायला संघांनी दोन महिने लावले. दोन नवे रेफ्री मिळाले, त्यातला एक दुसऱ्याच रविवारी सोडून गेला. टिकली ती नर्स. कवळीवाल्याने तिला माझ्या दुकानात उभ्या उभ्या शिकवलं. ऐकू आलं तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही. चेष्टा असेल तर सोडून द्यायची. माणसाच्या अंगावर आली की खेळ थांबवायचा, कप्तानाला सांगायचं, आणि वाट बघायची. "आणि काहीही झालं तरी उत्तर द्यायचं नाही," तो म्हणाला. "फार छान उत्तर सुचलं तर मुळीच नाही."

परवाच्या रविवारी तिने खेळ थांबवला. बेकरीवाल्यांचा कोणी मामा होता. चेंडू काखेत धरून ती आठ मिनिटं उभी राहिली. पुढचे दोन सामने खोळंबले होते, गुडघा ठणकत होता, आणि चार कप्तान माझ्या कानाशी भुणभुण करत होते. मी घड्याळ बघत कठड्याला टेकून उभा होतो. वैताग वैताग झाला होता. पण तिला काही म्हणालो नाही.